न आलेला फोन

लाँड्रीताईला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. चर्चच्या नोंदीत ते नाव असेलही, पण भगिनी मंडळात ती लाँड्रीताई, गल्लीत लाँड्रीताई, आणि नवरा तर गेली कित्येक वर्षं तिला नुसतं 'अगं' म्हणत आलेला. दुकान दोघांचं होतं. पुढे काउंटरवर ती, मागच्या खोलीत मशीन आणि वाफेच्या इस्त्रीपाशी तो. बोलण्याची वाटणीही तशीच झाली होती, म्हणजे सगळं बोलणं पुढच्या खोलीत. मंडळातल्या बायकांनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. ते त्याला माहीत होतं आणि त्यावरही तो काही बोलला नव्हता.

त्या दिवशी सकाळी नर्स तिचे युनिफॉर्म न्यायला आली. ही मंडळातली सगळ्यात तरुण आणि सगळ्यात तोंडाळ. खळ जास्त झाली, कॉलर नीट बसली नाही, घडी उलटी पडली, काहीतरी काढल्याशिवाय ती दुकानाची पायरी उतरायची नाही. आज तर एका युनिफॉर्मचं मधलंच बटण गायब होतं. ताईनं ते आपणहून दाखवलं आणि आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"राहू द्या हो ताई," नर्स म्हणाली. "बटणाचं काय एवढं!"

आणि तिनं काउंटरवरून हात पुढे करून ताईचा हात धरला. दाबला.

"स्वतःला जपा."

"का? मला काय धाड भरलीय?"

"नाही, तसं नाही. काल मास्तरीणबाईंचा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते, पण तरी तिथंच डोळे मिटून..." नर्सनं जीभ चावली. मग रिक्षा थांबलीय की काय असं काहीतरी पुटपुटत तिनं पिशवी उचलली आणि निघून गेली. बिनबटणाचा युनिफॉर्म काउंटरवरच राहिला.

ताई तिथंच उभी. मास्तरीणबाईंचा फोन नर्सला?

इथं मंडळाच्या साखळीबद्दल सांगायला हवं. भगिनी मंडळाची दोन कामं, प्रार्थना आणि सेवा. सेवा म्हणजे ज्यांना कुणी नाही अशा रुग्णांना भेटणं, त्यांचे कपडे धुणं, घर आवरणं. आणि प्रार्थनेसाठी साखळी. कुणावर काही संकट आलं की विनंती पाळकबाईंकडे जायची. पाळकबाई म्हणजे चर्चच्या पाळकांची बायको, मंडळाची प्रमुख. त्या मास्तरीणबाईंना फोन करायच्या, मास्तरीणबाई लाँड्रीताईला, लाँड्रीताई नर्सला, नर्स पुढे, असं करत शेवटच्या बाईचा फोन पुन्हा पाळकबाईंकडे आला की साखळी पुरी. मोबाईलवर मंडळाचा ग्रुपही होता, पण त्यावर फुलांची चित्रं यायची. प्रार्थना कुणाच्या तरी आवाजातूनच पुढे गेली पाहिजे, ती ढकलायची वस्तू नाही, असं मास्तरीणबाईंचं म्हणणं, आणि त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

या साखळीचा एक नियम होता. ज्या बाईसाठी किंवा जिच्या घरासाठी प्रार्थना असेल, तिला फोन करायचा नाही. तिची कडी वगळून पुढच्या कडीला फोन. एकदा बेकरीवाल्या बाईला आपल्याच भावाच्या अपघाताची बातमी साखळीतून कळली होती, हात पिठात असताना, आणि ती तिथंच खाली बसली होती. त्यानंतर हा नियम झाला. आणि वगळलेल्या बाईनंही विचारायचं नाही. योग्य वेळी पाळकबाई स्वतः येऊन सांगतील, तोवर धीर धरायचा.

हा नियम सुचवला होता लाँड्रीताईनंच. सगळ्यांनी मान डोलावली होती आणि तिला फार शहाणं वाटलं होतं.

आता मास्तरीणबाईंनी नर्सला परस्पर फोन केला, याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. मधली कडी वगळली होती. मधली कडी म्हणजे ती.

तिनं इस्त्री हातात घेतली. इस्त्री हातात असली की तिचं डोकं ताळ्यावर राहायचं. रविवारसाठी वेदीवरचं मोठं पांढरं कापड करायचं होतं. ते काम ती नवऱ्यालाही देत नसे. ओलसर असतानाच घ्यायचं, उलट्या बाजूनं दाबायचं, काठावरच्या विणीवर इस्त्री नुसती टेकवायची. हात आपोआप चालू लागले आणि डोकं दुसरीकडे धावू लागलं. आपल्याला काही झालेलं नाही, म्हणजे घराचं काहीतरी. घरात आहे कोण? तो.

मागच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला.

खोकला महिन्याभराचा होता. बऱ्याच कटकटीनंतर तो तपासून घ्यायला गेला होता, आणि गेला होता नर्सच्याच दवाखान्यात. रिपोर्ट काय आला विचारलं तर म्हणाला होता, "काही नाही." पण तो माणूस बोट मोडलं तेव्हाही 'काही नाही'च म्हणाला होता. सासू गेल्याचा फोन आला तेव्हा, काय झालं विचारल्यावर आधी 'काही नाही' म्हणून मग खाली बसला होता. त्याच्या 'काही नाही'चा काय भरवसा? नर्सनं रिपोर्ट पाहिला असणार. नर्सनं पाळकबाईंना सांगितलं असणार. सगळ्या मंडळाला माहीत आहे आणि आपण इथं खळ घालत बसलोय.

करपल्याचा वास आला तेव्हा उशीर झाला होता. वेदीच्या कापडावर इस्त्रीच्या टोकाचा पिवळट तपकिरी डाग पडला होता. इतक्या वर्षांत तिच्या हातून रुमालसुद्धा करपला नव्हता.

वास नवऱ्यालाही आला. तो बाहेर आला, कापड हातात घेऊन उजेडात धरलं, आणि मग तिच्याकडे पाहिलं. कापडाकडे पाहिलं त्यापेक्षा जास्त वेळ तिच्याकडे पाहिलं.

"मागच्या बाजूला येईल," तो म्हणाला. "दिसणार नाही."

"खोकला कसा आहे?"

"बरा."

"बरा म्हणजे?"

"बरा म्हणजे बरा."

दुपारी तिनं त्याला सूप करून दिलं. त्यानं एक वाटी संपवली, तिनं दुसरी ओतली. ती संपेपर्यंत ती समोर बसून त्याच्या गळ्याकडे बघत राहिली, घोट नीट उतरतोय का म्हणून. मग तिनं त्याला मफलर आणून दिला. बाहेर ऊन रणरणत होतं. त्यानं मफलर मांडीवर ठेवला आणि हे काय नवीन अशा नजरेनं तिच्याकडे पाहिलं, पण विचारलं काही नाही. विचारलं असतं तर ती त्याच्या गळ्यातच पडली असती.

तो पुन्हा मागे गेल्यावर तिची घालमेल आणखीच वाढली. कुणाशी तरी बोलायला हवं होतं. अशा वेळी जगातल्या सगळ्या बायका मुलीला फोन करतात. तिलाही मुलगी होती, एकुलती एक, दुसऱ्या शहरात. आणि त्या मुलीशी तिचं बोलणं गेली दीड वर्षं बंद होतं.

हे मंडळात कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलं की ती सांगायची, "रोज बोलते की! बिझी असते बिचारी, पण आईला फोन केल्याशिवाय झोपत नाही." खरं म्हणजे रविवारी दुपारी ती भांडी घासत असताना नवरा मागच्या खोलीत जाऊन लेकीशी बोलायचा. बोलायचा कसला, हं हं करायचा. ती नळ बारीक करून ते हं हं ऐकायची आणि त्यावरून मुलगी खुशीत आहे की नाही याचा अंदाज बांधायची.

झालं होतं ते असं. मुलगी एकदा अचानक आली होती. काउंटरमागे चादरींच्या ढिगावर लहानपणी बसायची तशीच बसली आणि म्हणाली, आई, आमचं काही जमत नाहीये, मी वेगळी राहायला लागलेय. अजून कुणाला सांगू नकोस, माझं मलाच नीट कळलेलं नाही. ताईनं तिला जवळ घेतलं. खूप रडल्या दोघी. आणि मुलगी आंघोळीला गेली तेवढ्यात ताईनं पाळकबाईंना फोन लावला. वाईट हेतूनं नाही हो! ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी साखळीत घातली, तिच्या स्वतःच्या लेकीवर वेळ आल्यावर तिनं दुसरं काय करायचं? तिच्यासाठी तो फोन म्हणजे डॉक्टर बोलावण्यासारखा होता. मुलगी केस पुसत बाहेर आली तोवर साखळी पुरी झालेली. आठवड्याभरात साखळीतल्या कुणाच्या तरी नात्यातली बाई मुलीच्या ऑफिसात तिला भेटली आणि सगळ्यांदेखत तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, धीर सोडू नकोस, आम्ही तुझ्या संसारासाठी प्रार्थना करतोय.

मुलीचा फोन आला तो ताईच्या कानात अजून वाजत होता. "आई, माझी गोष्ट होती ती. मला विचारलं होतंस तू?"

"मी काय चावडीवर सांगितलं का? फक्त प्रार्थनेसाठी सांगितलं," ताई म्हणाली होती. त्यावर मुलीनं फोन ठेवला. ताईचं अजूनही तेच म्हणणं होतं. प्रार्थना म्हणजे कागाळी नव्हे. मुलीला आज ना उद्या कळेल आणि ती फोन करेल. तिनं केला की आपण काही मनात ठेवणार नाही, असं ताईनं मोठ्या मनानं ठरवून टाकलं होतं. फोन तेवढा येत नव्हता.

दुपार कलायच्या आत ताईनं दुकान नवऱ्यावर टाकलं आणि मास्तरीणबाईंचं घर गाठलं. मास्तरीणबाई निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण दार उघडताना अजूनही त्या उशिरा आलेल्या मुलीकडे बघावं तसं बघायच्या.

"ये. चहा घेशील?"

"बाई, काल तुमचा मला फोन आला नाही."

"नाही आला."

"नर्सला आला."

"त्या पोरीच्या तोंडाला कुलूप नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि गुडघे धरत खुर्चीत बसल्या. "बस तू आधी."

ताई बसली, उठली, पुन्हा बसली. खुर्चीवरच्या उशीचा अभ्रा चुरगळला होता. तिनं तो मांडीवर घेऊन तळहातानं सरळ करायला सुरुवात केली.

"बाई, मला फक्त एवढंच सांगा, माणूस वाचेल ना?"

मास्तरीणबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण त्या मुरलेल्या होत्या. "साखळीत प्रश्न विचारायचे नाहीत. नियम कुणाचा?"

"माझा."

"मग?"

"मग तो नियम मूर्खासारखा आहे!"

"तो मी तेव्हाच म्हणणार होते," मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "पण तू इतकी खूश होतीस. आता झालाय तर पाळ. उद्या मंडळाची बैठक आहे, पाळकबाई बोलतील तुझ्याशी. आणि माझा अभ्रा सोड, फाटेल तो."

त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. ताई घरी आली. रात्री तिनं नवऱ्याचा श्वास ऐकला, अख्खी रात्र. तो मजेत घोरत होता. पण तिला प्रत्येक घोरण्यात एक नवीन आजार ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी ती चर्चमागच्या हॉलमध्ये पोचली तेव्हा बायका लांब टेबलापाशी उभ्या होत्या. रुग्णांसाठी पिशव्या भरायचं काम चाललं होतं, एकेक साबण, कंगवा, टॉवेल. एरवी या कामाला बाजार भरल्यासारखा आवाज असायचा. ती दारात आली आणि आवाज बंद पडला. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, तेही हवापाण्याबद्दल.

कुणीतरी तिला खुर्ची दिली. बिस्किटांची बशी आधी तिच्याकडे आली. चहाची किटली उचलायला ती गेली तर बेकरीवालीनं ती हातातून काढून घेतली. "तुम्ही बसा हो ताई." या हॉलमध्ये किटली उचलण्याचा मान गेली कित्येक वर्षं तिचा होता. दुसऱ्या बायकांना खुर्ची कोण देत आलं होतं? तीच. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून 'तुम्ही बसा' कोण म्हणायचं? तीच. ज्यांना ती असं बसवायची त्यांना आतून कसं वाटत असेल, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं, आणि ते काही बरं वाटत नव्हतं. बिस्किट तिनं तसंच बशीत परत ठेवलं.

काम संपल्यावर सगळ्या गोल करून उभ्या राहिल्या. पाळकबाईंनी डोळे मिटले. त्यांचा आवाज मऊ होता आणि प्रार्थना सुरू झाली की आणखी मऊ व्हायचा. आजाऱ्यांसाठी झालं, प्रवासातल्यांसाठी झालं, आणि मग त्या म्हणाल्या, "आणि हे प्रभू, आमच्यातल्या एका घराला तू धीर दे, तिथल्या..."

"कुठल्या घराला?"

प्रार्थनेत मध्येच कुणी बोलल्याचं या मंडळाच्या इतिहासात घडलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे उघडले. लाँड्रीताईचे मिटलेलेच नव्हते.

"मला तोंडावर सांगा ना! काल सकाळपासून माझ्या जिवाला चैन नाही. वेदीचं कापड जाळलं मी. नियम गेला खड्ड्यात. माझा नवरा जाणार आहे का? एवढंच सांगा. जाणार असेल तर मला त्याच्याजवळ बसू द्या, इथं साबण कशाला भरायला लावताय?"

तिला रडू कोसळलं. गोल मोडला. नर्स धावत पुढे आली. "अहो ताई, काय बोलताय! रिपोर्ट चांगलाय त्यांचा. धूळ आणि वाफेनं घसा खवखवतोय, बाकी ठणठणीत आहेत. मी स्वतः पाहिलाय."

"खोटं सांगू नकोस."

"अहो, परवा तर ते आमचे तीन मजले चढून आले," पाळकबाई म्हणाल्या. "धापसुद्धा लागली नव्हती."

ताईचं रडणं जागच्या जागी थांबलं. "कोण?"

"तुमचे हे."

मौनीबाबा आणि पाळकबाईंच्या घरी! जो माणूस चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून गाणं सुरू झालं की पुस्तकात तोंड घालायचा, जो साखळीला चेष्टेनं 'तुमचं टेलिफोन खातं' म्हणायचा, तेवढीच एक चेष्टा त्याला यायची. पाळकबाईंनी तिला हाताला धरून हॉलच्या कोपऱ्यात भांड्यांच्या कपाटापाशी नेलं.

"विनंती त्यांचीच होती," त्या म्हणाल्या. "दारात उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, माझ्या बायकोसाठी सांगायचंय. तिचं आणि मुलीचं बोलणं बंद आहे. तिनं मुलीला एक फोन करावा, एवढं मागा. मग म्हणाले, दोघींसाठी नको, तिच्यासाठीच मागा. आणि उतरून गेले."

ताईचा जीव भांड्यात पडला. पडला आणि तिथंच उकळायला लागला. नवरा ठणठणीत होता. हे कळल्याक्षणी तिला त्याचा इतका राग आला की तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. रोज बोलते की, असं ती ज्यांना तोंड भरून सांगत आली होती, त्या सगळ्यांना. बेकरीवालीला, मास्तरीणबाईंना, त्या कालच्या पोरीला. त्यांनी आपापल्या स्वयंपाकघरात डोळे मिटून तिचं खोटं देवापुढे मांडलं होतं.

"आम्ही काही चर्चा केली नाही हो," पाळकबाई तिचा चेहरा पाहून घाईघाईनं म्हणाल्या. "फक्त प्रार्थना."

ताईनं पर्स घेतली आणि निघाली. पाठीमागे वळून न पाहताही तिला कळत होतं की सगळ्या तिच्या पाठीकडे बघतायत, मायेनं बघतायत, आणि ती माया तिला दाढीच्या खुंटासारखी टोचत होती. रस्ताभर ती स्वतःशीच भांडत चालली. फळवाल्यानं रामराम केला तर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो फळांकडेच बघू लागला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिनं दार ओढून घेतलं, पाटी उलटी केली आणि मागच्या खोलीत गेली. नवरा शर्टाच्या बाहीवर इस्त्री फिरवत होता. गळ्यात मफलर होता. घामानं निथळत होता, पण तिनं दिलाय म्हणून घातला होता.

"काढा तो मफलर!"

त्यानं काढला.

"पाळकबाईंकडे गेला होतात?"

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. "गेलो होतो."

"माझ्याशी बोलायला तोंड नव्हतं तुम्हाला?"

"होतं," तो म्हणाला. "पण मी तिचा विषय काढला की तू नळ मोठा करतेस. माझं ऐकत नाहीस. म्हटलं, वरून सांगून बघू." आणि जरा थांबून म्हणाला, "तू त्यांचं ऐकतेस."

"अहो, पण सगळ्या बायकांना कळलं! मला खुर्ची देत होत्या! बिस्किटं देत होत्या! मी काय त्यांना सांगत होते आणि तुम्ही... घरातली गोष्ट तुम्ही अशी चव्हाट्यावर नेलीत! माझी गोष्ट होती ती! मला विचारलं होतंत तुम्ही?"

वाक्य पुरं झालं.

ताईचं तोंड उघडं राहिलं होतं. ते शब्द तिनं आधी ऐकले होते. दीड वर्षं ती ते शब्द ऐकत होती आणि दीड वर्षं त्यांना उत्तर देत होती, की फक्त प्रार्थनेसाठी. आता ते तिच्याच घशातून आले होते, मुलीच्याच सुरात. ऑफिसात सगळ्यांदेखत डोक्यावर हात ठेवून घेणारी मुलगी तिला दिसली. तिलाही तेव्हा कुणीतरी खुर्ची दिली असेल.

ती तिथल्या चादरींच्या ढिगावर बसली. पदराला हात पुसून तिनं मोबाईल काढला आणि नंबर लावला. साखळीतले नंबर मोबाईल लक्षात ठेवायचा, हा एक तिला पाठ होता.

दोन घंटा, तीन घंटा. मग मुलीचा आवाज, घाबरलेला.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

आपला फोन म्हणजे कुणीतरी गेल्याचीच बातमी, असं पोरीला वाटावं! ताईनं डोळे मिटले. "बरे आहेत. कुणालाही काही झालेलं नाही." मग तिनं एका दमात सांगून टाकलं. "मी तुला न विचारता तुझी गोष्ट सांगितली. मी तेव्हाही चुकले, आणि प्रार्थनेचं नाव पुढे करून चूक नाही म्हणत राहिले, ते त्याहून वाईट. एवढं सांगायला फोन केला."

पलीकडून रहदारीचा आवाज येत होता, म्हणजे मुलगी रस्त्यात थांबली असावी. मग ती हळूच म्हणाली, "आत्ता तिथं कोण आहे?"

"तुझे बाबा."

"अजून?"

"अजून कुणी नाही."

ताईनं नवऱ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे दाराकडे मान केली. तो एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी असा लगबगीनं बाहेर गेला, आणि उलट्या पाटीखाली पायरीवर जाऊन बसला. आतून दार लावून घेतल्याचा आवाज त्यानं ऐकला. खूप वेळानं एकदा हसल्यासारखा आवाज आला, रडल्यासारखाही असेल. त्यानं कान लावला नाही. दोघींचं पुढचं बोलणं दोघींचं, ते त्यालाही माहीत नाही आणि इथंही सांगितलं जाणार नाही.

मंडळात मात्र सगळ्या टपून होत्या. प्रार्थना फळाला आली की साखळीत कळवायचं, हीही एक पद्धत होतीच, आणि आजवर लाँड्रीताईनं ती कधी चुकवली नव्हती. रविवारी ती वेदीवर कापड अंथरत होती, करपलेली बाजू मागे करून. नर्स फुलं घेऊन जवळ आली. इकडेतिकडे पाहिलं, आणि अगदी कानाशी येऊन विचारलं, "ताई, केला का हो फोन?"

ताईनं कापडाचा काठ सरळ केला. लांबून पाहिला, पुन्हा सरळ केला.

"तुझ्या युनिफॉर्मचं बटण लावून ठेवलंय," ती म्हणाली. "उद्या घेऊन जा."